पाणी बदललं की मासे मरतात: कारण शोधायचं कसं

रविवारी फिशटँकचं पाणी बदललं, काच लख्ख झाली आणि सोमवारी सकाळी बघावं तर दोन गप्पी तळाला, एक मॉली आडवी. पंधरा दिवसांनी पुन्हा पाणी बदललं, पुन्हा तेच. सांगली-मिरजेत ओळखीपाळखीतल्यांचे टँक बघायला मी जाते, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तक्रार हीच असते. दुकानात विचारलं की निळं औषध हातात पडतं, आणि ते टाकल्यावर उरलेलेही जातात. म्हणून आधीच सांगते: पाणी बदलल्यावर मरणारा मासा बहुतेक वेळा आजारी नसतो. औषध बाजूला ठेवा आणि पाणी टाकल्यानंतर किती वेळाने मासे बिघडले ते आठवा. कारणाकडे जायची वाट तिथूनच सुरू होते.

लक्षणं

अर्ध्या-एक तासात गडबड झाली असेल, म्हणजे मासे टँकभर सैरावैरा पळतायत, काचेला धडकतायत, वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, अंगावर पांढरट बुळबुळीत थर आलाय, तर क्लोरीन, साबणाचा अंश किंवा तापमानाचा झटका यांपैकी काहीतरी आहे.

संध्याकाळी सगळे ठीक होते, पण सकाळी काही मेलेले आणि उरलेले पंख मिटून तळाशी बसलेले असतील, तर नव्या-जुन्या पाण्याच्या पीएचमध्ये (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप) किंवा क्षारांमध्ये मोठा फरक पडलाय.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एकेक मासा जातोय, पाणी दुधाळ झालंय, कल्ले लालबुंद किंवा तपकिरी दिसतायत, मासे फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ गोळा होतायत, अशा वेळी अमोनिया किंवा नायट्राइट वाढलेलं असतं.

चार-सहा दिवसांनी अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आणि मासे दगडाला अंग घासू लागले, तर तो व्हाइट स्पॉट. हा खरा रोग आहे. पण पाणी एकदम गार पडल्यावर तो उचल खातो, त्यामुळे त्याचंही मूळ पुष्कळदा त्या रविवारच्या बादलीतच सापडतं.

मासे आत्ता तडफडत असतील तर पुढचं नंतर वाचा. एअर पंप पूर्ण जोरात चालू ठेवा, पूर्ण टँकच्या हिशेबाने अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाका, खाणं बंद ठेवा. घाबरून पुन्हा सगळं पाणी बदलू नका. बादलीत साबण किंवा औषध होतं अशी खात्री असेल तेवढाच अपवाद: अशा वेळी मासे स्वच्छ, क्लोरीन घालवलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्यात हलवायचे.

आधी बादली बघा

याला एक पैसा लागत नाही, म्हणून ही तपासणी पहिली. टँकसाठी वापरलेली बादली आणि मग आणखी कशासाठी वापरतात? फरशी पुसायला, कपडे भिजवायला? फिनाइल आणि डिटर्जंट प्लॅस्टिकला चिकटून राहतात आणि कल्ल्यांवरचा नाजूक थर खरवडून काढतात. हातालाही हाच नियम. साबणाने हात धुतले असतील तर ते साध्या पाण्याने भरपूर धुऊन मगच टँकमध्ये घालायचे.

आपल्याकडे द्राक्षबागांमुळे आणखी एक धोका आहे. तासगावकडच्या एका घरी दर पाणी-बदलाला मासे जायचे, आणि माशांच्याही आधी गोगलगायी मरायच्या. गोगलगायी आधी मेल्या की मला तांब्याची शंका येते. बादली उलटी करून बघितली, तर कडीच्या खाचेत आणि बुडाच्या कडेला निळसर-हिरवट रेघ बसलेली होती. द्राक्षांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, भिजवायची बादली होती ती. वरवर धुतलेली, पण खाचेत मोरचूद तसाच. तांबं अगदी थोडं असलं तरी गोगलगायी, कोळंबी आणि लहान मासे टिकत नाहीत. ती बादली शेतावर गेली, टँकसाठी नवी आली आणि तक्रार तिथेच थांबली. टँकची बादली, मग आणि पाइप वेगळे ठेवा, त्यावर खूण करा. घरातल्या कुणाला त्या बादलीला हात लावू देऊ नका.

घरात डास मारायचा स्प्रे मारला होता का, गल्लीत धूर फवारणी झाली होती का, तेही त्याच दिवसाशी ताडून बघा. त्या औषधांतली पायरेथ्रॉइड जातीची रसायनं माशांना फार विषारी असतात आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलत असतो. फवारणीच्या वेळी टँक झाका आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवा.

किती पाणी काढलं?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. वाळू आणि दगड धरले तर ४५ ते ५०. एका वेळी यातला चौथा हिस्सा बदलायचा, म्हणजे बारा लिटरच्या आसपास. एक बादलीसुद्धा होत नाही. पण आपल्याकडे पाणी बदलणं म्हणजे मासे पातेल्यात काढायचे, टँक अंगणात न्यायचा, वाळू तांदळासारखी धुवायची, काच घासायची आणि सगळं नव्याने भरायचं. हे थांबवलं तरी अनेक घरांतली मासेमर थांबते.

कारण साधं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. वाळूवर, दगडावर आणि स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने फारच सौम्य. ही जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि वाळू नळाखाली घासली की ती एका सकाळीत जाते. मग तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं.

स्पंज फिल्टरचंही तेच. तो नळाखाली पिळायचा नाही. टँकमधून काढलेल्या जुन्याच पाण्यात दोन-तीनदा दाबायचा आणि परत लावायचा. तपकिरी दिसला तरी चालेल, त्यातून बुडबुडे नीट येतायत एवढं पुरे. ज्या दिवशी पाणी बदलाल त्या दिवशी स्पंज धुऊ नका. एका आठवड्यात एकच काम करा.

हात घालून बघा

एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. जानेवारीत पहाटे तेच पाणी बोटं बधिर करतं. साताऱ्याकडे, वाई-महाबळेश्वरच्या बाजूला तर हिवाळ्यात हा फरक आणखी मोठा. खोलीत ठेवलेल्या टँकचं पाणी मात्र दिवसभरात फार हलत नाही. दोन पाण्यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. काचेचा साधा थर्मामीटर स्वस्त असतो, तो घ्या. हाताच्या अंदाजाला पाच अंशांचा फरक सहज निसटतो. सोपा उपाय म्हणजे नवं पाणी रात्रभर टँकच्याच खोलीत उघड्या बादलीत ठेवायचं. तापमान सारखं होतं आणि पुढच्या अडचणीतलीही बरीचशी सुटते.

हीटर असेल तर पाणी काढण्यापूर्वी तो बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापता हीटर नव्या पाण्याने तडकतो.

पाणी कुठलं आहे?

नळाचं असेल तर क्लोरीन आलंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असायला हवं, आणि माणसांसाठी ते योग्यच आहे. माशांना मात्र याच्या काही हिश्शानेही त्रास होतो, कारण आपण पाणी पितो, मासा त्यातून श्वास घेतो. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ होतं तेव्हा तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरानंतर तर विहिरी-टाक्यांत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) सढळ हाताने पडते, आणि पडायलाच हवी. जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यात पावडरचं प्रमाण फेरीगणिक बदलतं. म्हणून ‘इतके दिवस काही झालं नाही, मग आताच कसं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा महिन्यात असतं. जून ते सप्टेंबर दरम्यान तक्रार सुरू झाली असेल तर सगळ्यात आधी क्लोरीनच तपासा.

तपासायचं कसं? ग्रामपंचायतीचे कर्मचारी नळाच्या पाण्याची जी ओटी टेस्ट करतात, तीच इथे कामाची. छोट्या नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. जितका गडद तितकं जास्त. हा संच बाजारात मिळतो. ते रसायन विषारी आहे, त्यामुळे तपासलेलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका, हात धुवा. नाकावर विसंबू नका. वास येत नाही म्हणजे क्लोरीन नाही असं नसतं.

उघड्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपच्या नळीला लावायचा, बुडबुडे काढणारा दगड) सोडून चोवीस तास ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. झाकलेल्या जमिनीखालच्या टाकीत दोन दिवस साठवलेलं पाणी मात्र यात धरू नका, तिथे हवाच खेळत नाही. घाई असेल तर अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते लगेच काम करतं. प्रमाण बाटलीवरचं घ्या, पावसाळ्यात टाकून झाल्यावर ओटी टेस्ट पुन्हा करा आणि पिवळं दिसलं तर आणखी टाका. औषध बादलीत टाकायचं, पाणी टँकमध्ये पडल्यावर नाही.

बोअरचं पाणी आणि जुना टँक

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लोक सांगतात, ‘ताई, आमचं तर बोअरचं पाणी आहे, क्लोरीनचा प्रश्नच नाही, मग मासे का मरतात?’

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण ताज्या उपशात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. मोटर चालू असताना पाइप थेट टँकमध्ये सोडला तर काचेवर आणि माशांच्या पंखांवर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, तेही त्रासाचेच. पाणी उघड्यावर ठेवलं, हवा सोडली की वायू निघून जातात आणि पीएच वर चढतो. म्हणून बोअरच्या पाण्याचा पीएच उपसल्याबरोबर मोजून उपयोग नाही. चोवीस तासांनी पुन्हा मोजा आणि तो आकडा खरा धरा.

दुसरी गोष्ट क्षार. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, वाळवा-पलूस-मिरज भागात अति पाण्याने जमिनी खारावल्या आहेत, तिथल्या अनेक विहिरी आणि बोअरही खारट किंवा जड आहेत. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो, हे त्याचं लक्षण. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो; टँकचं पाणी आणि नवं पाणी दोन्ही मोजा. आकडा किती आहे यापेक्षा दोन्हींत फरक किती हे महत्त्वाचं. टँक ३०० वर आणि बोअर १२०० वर असेल तर मोठा बदल एका दमात माशाला सोसत नाही. एक ध्यानात ठेवा: हा मीटर क्लोरीन किंवा अमोनिया सांगत नाही. ‘टीडीएस चांगला आहे’ म्हणून पाणी चांगलं ठरत नाही.

आता जुना टँक. तीन-चार महिने पाणी बदललेलं नाही, नुसती भर घातली, मासे मजेत आहेत. एक दिवस कुणीतरी निम्मं पाणी काढून बोअरचं भरतं आणि सकाळपर्यंत अर्धे मासे गेलेले. वर घरचे म्हणतात, ‘बघा, घाण पाण्यातच बरे होते.’ झालेलं असतं ते असं. जुन्या पाण्यातली आम्ल झेलायची ताकद हळूहळू संपते, पीएच सातच्याही खाली जातो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. अमोनिया साठत राहतो, पण कमी पीएचला तो बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो, आणि अमोनियम माशाला फारसा बाधत नाही. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, साडेआठला पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे निम्मा अमोनिया काढून टाकला तरी पीएच एका अंकाने चढल्यामुळे उरलेला कितीतरी जास्त जहाल होतो.

म्हणून असा टँक हाती आला की आधी अमोनिया आणि पीएच मोजायचे. थेंब टाकून रंग बघायचा तपासणी संच घ्या, मुदत बघून घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. शून्य नसतील तर मोठा बदल नाहीच करायचा: रोज दहावा हिस्सा, आठ-दहा दिवस, आणि तोही एअर पंपच्या बारीक नळीला गाठ मारून थेंबाथेंबाने सोडायचा. खाणं निम्म्यावर आणा. चालत्या टँकमधला वापरता स्पंज कुणाकडून मिळाला तर तो लावा, तयार जिवाणू येतात. नायट्राइट वाढलेलं असेल तर थोडं खडे मीठ उपयोगी पडतं, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण निळं-पिवळं औषध या अवस्थेत अजिबात नको. मिथिलीन ब्लू त्या उरल्यासुरल्या जिवाणूंनाच मारतं आणि अमोनिया आणखी चढतो. लोकांनी दुकानातून आणलेलं ते औषध मी टाकू देत नाही, त्याचं हे कारण.

कोण मेलं हेही बघा. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं, निऑन टेट्राला मऊ पाणी लागतं. एकाच टँकमध्ये मॉली ठणठणीत आणि निऑन दर वेळी जात असतील तर बोअरच्या पाण्यात निऑन ठेवायचा हट्ट सोडा. उलट नुसत्या आरओच्या पाण्यात मॉली आणि गप्पी खंगतात, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. दोन्ही पाणी मिसळून एकच प्रमाण ठरवा आणि ते बदलू नका.

‘गप्पी तर आरोग्य खात्याची माणसं डबक्यात सोडतात, त्याला काय होतंय?’ हेही मी फार ऐकते. डबक्यातले गप्पी आखूड शेपटीचे, काटक असतात. त्यांचं पाणी एका सकाळीत कुणी बदलत नाही. दुकानातले लांब शेपटीचे रंगीत गप्पी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात वाढवलेले असतात, त्यांना तेवढी सोसण्याची ताकद नसते.

पिल्लांच्या टँकचं वेगळं

गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते. पोट चौकोनी दिसू लागलं, शेपटीजवळचा काळा डाग गडद झाला की त्या आठवड्यात मोठा पाणी-बदल करू नका, तिला जाळीत कोंबू नका. झटक्याने पिल्लं वेळेआधी, मेलेली किंवा पोटाशी पिवळा गोळा तशीच असलेली बाहेर येतात.

पिल्लांचा टँक लहान, म्हणून तो लवकर बिघडतो. उकडलेल्या अंड्याचा बलक सगळे देतात. तो उरला की काही तासांत पाणी नासवतो. देणारच असाल तर सुईच्या टोकावर येईल इतकाच द्या आणि तासाभराने तळ बारीक नळीने ओढून घ्या. अंड्यातून ताजा फोडलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची पिल्लं, त्यापेक्षा कितीतरी चांगला. पिल्लांचं पाणी रोज थोडं बदला, पण नळाचं नको: मोठ्या टँकमधलं, आई-बापांच्या ओळखीचं पाणी घाला, आणि स्पंजही तिथलाच जुना आणा. एवढ्याने पिल्लं जगतात.

इथे थांबा

टँकच्या पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर पुढचं काही बघू नका. मुख्य बटण बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. तळाची काच गळत असेल तर भरल्या टँकला घरी सिलिकॉन लावत बसू नका. टँक रिकामा करून बनवणाऱ्याकडे न्या.

खवले उभे राहून मासा अननसासारखा फुगला, अंगावर जखमा पडल्या, किंवा मासे महिनाभर खाऊनही वाळत चालले आणि पाठीला बाक आला, तर पाणी तपासून त्याचं उत्तर मिळणार नाही. वाळणाऱ्या माशांत क्षयाच्या जातीचे जिवाणू असू शकतात आणि ते माणसाच्या हाताच्या जखमेतून आत शिरतात. हातमोजे घाला. टँकमध्ये काम केल्यावर हातावर गाठ आली आणि ती बरी होत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि घरी मासे आहेत हे त्यांना स्वतःहून सांगा. माशांसाठी अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने टाकू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येईल.

आणि बादली नवी, क्लोरीन शून्य, अमोनिया शून्य, तापमान सारखं, तरीही बोअरचं थोडं पाणी घातलं की मासे जातायत, असं असेल तर ते पाणी घरातली माणसंही पीत असतील हे ध्यानात घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा आरोग्य विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. बाटली कशी भरायची, किती वेळात पोचवायची, हे आधी तिथेच विचारून घ्या. बोअरचं पाणी आणि टँकचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरा, वर तारीख आणि जागा लिहा. अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी दुसरं पाणी वापरा.